एव्हरेस्टचं साल

दोरीवरचे कपडे क्षितिजानं काढले, आणि तेही न विचारता. वीणा स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत राहिली. उल्हासचे शर्ट, लेकीची, शिवांगीची शाळेची जर्सी, आईंच्या साड्या, सगळ्याच्या क्षितिजानं बागेतल्या टेबलावर घड्या घातल्या. घड्या इतक्या नेटक्या होत्या की नाव ठेवायला जागा नव्हती, आणि वीणाच्या पोटात त्यामुळेच जास्त दुखलं. मग मोकळ्या झालेल्या दोरीवर क्षितिजा एकेक छापील चित्र चिमट्यानं अडकवायला लागली. पहिल्याच कागदावर हातभर आकडे होते: १९५१.

घ्या. दोरी वीणाची, चिमटे वीणाचे, डब्लिनजवळच्या ल्यूकनमधलं घर वीणाचं, सासूबाईंचं पथ्यपाणी गेलं वर्षभर वीणाकडे, आणि सोहळा कोणाचा? तर किलकेनीहून सकाळी गाडी घेऊन उगवलेल्या धाकट्या जाऊबाईंचा.

निमित्त आईंच्या सत्तरीचं होतं. आई म्हणजे वासंतीबाई, उल्हास आणि सलीलच्या आई. मागच्या वर्षी फेब्रुवारीत त्या तीन महिन्यांसाठी म्हणून आयर्लंडला आल्या. अर्धे दिवस थोरल्याकडे, अर्धे धाकट्याकडे असं ठरलं होतं. महिन्याभरात जग बंद पडलं. क्षितिजा किलकेनीत हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, तिच्या घरात म्हाताऱ्या माणसाला ठेवणं धोक्याचं. तेव्हा आई राहिल्या ल्यूकनमध्येच. विमानं सुरू झाली तर पुण्यात दुसरी लाट आली, आणि मुक्काम पुन्हा लांबला. वीणा एका औषध कंपनीचं काम घरूनच करायची. मीटिंग म्यूट करून कुकर लावायची, आईंचं ब्लडप्रेशर बघायची, त्यांना बागेत फिरवून आणायची आणि परत मीटिंगमध्ये जाऊन बसायची.

आणि क्षितिजानं काय केलं? दर रविवारी व्हिडिओ कॉल. कॉल आला की आई पदर सारखा करून सोफ्यावर बसायच्या आणि तासभर नुसत्या फुलायच्या. क्षितिजा त्यांना जगभरचे प्रश्न विचारायची, कोडी घालायची, लॅबमधले किस्से सांगायची. कॉल संपला की आई म्हणायच्या, "मुलगी गुणाची आहे हो. एवढं जिवावरचं काम करून वेळ काढते." वीणा तेव्हा त्यांच्या गुडघ्यांना शेक देत असायची. शेक देणाऱ्या माणसाला कोणी गुणाचं म्हणत नाही. ते धरूनच चालतात.

आता आईंना आणि क्षितिजाला लस मिळाली होती, काउंटीबाहेर जायची बंदी उठली होती आणि बागेत पाहुणे बोलवायला परवानगी होती. जूनच्या बँक हॉलिडेचा रविवार होता. आयर्लंडला शोभणार नाही असं स्वच्छ ऊन पडलं होतं.

"वीणाताई, काडेपेटी कुठे असते हो?" क्षितिजा आत आली. हातात टी-लाइटच्या मेणबत्त्यांचं मोठं खोकं होतं. "सत्तर दिव्यांनी ओवाळायचंय आईंना. ताम्हनात मावणार नाहीत, म्हणून मी दोन ट्रे आणलेत."

"वरच्या प्रेसमध्ये बघ, डावीकडे." वीणा घारगे थापत होती. पंधरा वर्षांत कपाटाला प्रेस म्हणायची सवय तिच्याही जिभेला लागली होती. "आणि त्यांना नको होतं गं हे सगळं. सत्तरीची शांत करू या म्हटलं तर नको म्हणाल्या. केक नको म्हणाल्या."

"ते तर सगळेच म्हणतात. मनातून हवं असतं." क्षितिजानं काडेपेटी काढली आणि तिथेच ओट्याला टेकून उभी राहिली. "वास किती छान सुटलाय. ताई, तुमच्यासारखे घारगे मला जन्मात जमायचे नाहीत. मला आपलं हे चित्रं आणि क्विझ वगैरे येतं."

"ते पण लागतंच की," वीणा म्हणाली. शब्दांत तूप होतं, पण मनात चरचरत होतं.

"आणि एक बोलायचं होतं." क्षितिजाचा आवाज जरा खाली आला. "आम्ही आईंची खोली खालीच केलीये. जिना नको म्हणून. खिडकीतून नदी दिसते. आता माझ्याकडून धोका नाही, तर गणपतीआधी त्या परत जाईपर्यंत आमच्याकडे राहू देत ना. तुम्हालाही जरा मोकळं होता येईल."

"त्यांना विचारलंस?"

"सलील विचारणार होता फोनवर. विचारलं असेल. त्या नाही कशाला म्हणतील?"

खरंच, कशाला म्हणतील? वीणानं घारगा तेलात सोडला तो इतक्या जोरात की मनगटावर थेंब उडाला. मोकळं होता येईल म्हणे. हिला कोणी सांगितलं की मला मोकळं व्हायचंय? सुरुवातीच्या दिवसांत ती आईंच्या चहाच्या वेळांनी, टीव्हीच्या आवाजानं कावली होती, हे खरं. पण आता सकाळी खाली आल्यावर आईंची खुर्ची रिकामी दिसली असती तर तिला घर ओळखू आलं नसतं. तिची स्वतःची आई ती कॉलेजात असताना गेली होती. हे तिनं कोणाला बोलून दाखवलं नव्हतं, उल्हासलाही नाही. सासूचा इतका लळा लागावा याची तिला स्वतःलाच लाज वाटायची.

पण वीणाकडेही एक गोष्ट होती. क्षितिजाला, सलीलला, एवढंच काय, उल्हासलासुद्धा ठाऊक नसलेली. दोरीवर फडफडणारे ते हातभर आकडे साफ चुकीचे होते.

जानेवारीतली गोष्ट. सगळं पुन्हा बंद होतं, बाहेर दुपारीच अंधारून यायचं. रविवारी वीणा आईंच्या डोक्याला तेल लावायची. त्या दिवशी टीव्हीवर कोणत्या वयाला लस कधी, असं काहीतरी चाललं होतं, आणि आई एकदम हसल्या होत्या.

"माझं वय सरकारला कुठं माहितीये," त्या म्हणाल्या.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. वाईला असताना त्यांची थोरली बहीण नंदिनी शाळेत जायच्या वयाची झाली. शाळा कृष्णेच्या पलीकडे. नंदिनी एकटी जाईना, रडून गोंधळ घाली. तेव्हा वडिलांनी सोबतीला धाकटीलाही बरोबर धाडलं. धाकटी चार वर्षांची. हेडमास्तर म्हणाले, सहाची लावा, नाहीतर नाव घालता येणार नाही. तारीख त्यांनी लावली एक जून, कारण त्या काळी हेडमास्तरांना आठवणारी तीच एक तारीख होती. अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस त्या दिवशी येतो तो असा. झालं. चार वर्षांची वासंती शाळेच्या दाखल्यावर सहाची झाली, आणि तिथून पुढे मॅट्रिकला, नोकरीला, लग्नात, पासपोर्टवर, सगळीकडे दोन वर्षांनी मोठी राहिली. टेलिफोन खात्यातून निवृत्तही दोन वर्षं आधी झाली.

"म्हणजे तुम्ही त्रेपन्नच्या?" वीणानं विचारलं होतं.

"एव्हरेस्टच्या सालातली आहे मी," आई म्हणाल्या. "बाबा सुईणीला आणायला गेले, तर वाटेत नगरपालिकेच्या रेडिओपाशी ही गर्दी. एव्हरेस्ट सर झालं म्हणून बातमी सांगत होते. बाबा तिथंच उभे. सुईण राहिली बाजूला. घरी पोचले तोवर शेजारणीनं मला बाहेर काढलेलं. आजीनं त्यांना असं फैलावर घेतलं म्हणतेस! पण बाबा मला शेर्पा म्हणायचे. मोठी होईस्तोवर. शेर्पा, पाणी आण. शेर्पा, चप्पल बघ माझी. ते गेल्यावर कोणी नाही म्हटलं."

मग त्या म्हणाल्या होत्या, "पोरांना नाही सांगितलं कधी. ह्यांना माहीत होतं, ते गेले. उगाच कोणाच्या कानावर गेलं तर पेन्शन अडकायची, परक्या देशात पासपोर्टाचं लचांड व्हायचं. तुझ्यापाशी म्हणून बोलले."

तुझ्यापाशी म्हणून. हे दोन शब्द वीणानं पाच महिने उशाशी घेऊन झोपावं तसे जपले होते. एकटी असताना तिनं ते सालही शोधून काढलं होतं. मार्चमध्ये मॉस्कोत स्टालिन गेला. वसंतात केंब्रिजमधल्या दोघांनी माणसाच्या पेशीतला डीएनएचा पिळाचा जिना उलगडला. जुलैत कोरियातल्या तोफा थांबल्या. आणि जूनच्या दोन तारखेला, लंडनमध्ये राणीच्या डोक्यावर मुकुट चढत होता त्याच दिवशी, हिमालयातली बातमी जगभर पोचली. वाईच्या नगरपालिकेच्या रेडिओपर्यंत. तिला वाटायचं, हे साल आईंनी मला दिलंय. क्षितिजानं सत्तरीचा घाट घातला तेव्हा ती एका वाक्यात थांबवू शकली असती. फोन करून "अगं, एक भानगड आहे" एवढंच म्हणायचं होतं. तिनं केला नाही. होऊ दे की, म्हटलं. राब दोन महिने चुकीच्या सालावर.

जेवणं बागेतच झाली. मसालेभात आणि मठ्ठा संपला, घारग्यांच्या ताटाला तळ दिसला, आणि क्षितिजानं हातात घंटा घेतली. घंटासुद्धा ती घरून घेऊन आली होती.

"आता १९५१ साल," ती म्हणाली. "आई ज्या जगात आल्या ते जग. उत्तरं दोरीवरच्या चित्रांत लपलेली आहेत. शिवांगी आणि आमची तन्वी एक टीम, हे दोघे भाऊ एक, वीणाताई आणि मी परीक्षक."

परीक्षक म्हणे. वीणाला प्रश्नसुद्धा माहीत नव्हते.

आई मधल्या खुर्चीत बसल्या होत्या. गळ्यात चकचकीत पट्टा, त्यावर इंग्रजीत सत्तर. त्यांनी एकदाच वीणाकडे बघितलं. त्या बघण्यात विनवणी होती, गप्प बस गं बाई, चाललंय ते चालू दे. वीणाला ती कळली. मुद्दाम नजर काढून ती पाण्याचे पेले गोळा करू लागली.

"पहिल्या आशियाई स्पर्धा कोणत्या शहरात झाल्या?"

"दिल्ली," सलील म्हणाला.

"युरोपातल्या सहा देशांनी एका करारावर सह्या केल्या. कशाचा करार?"

"कोल अँड स्टील," शिवांगी म्हणाली. "वी डिड इट इन स्कूल." चौदा वर्षांची ही पोर मराठी सगळं समजायची आणि उत्तर डब्लिनच्या इंग्रजीत द्यायची.

"शाबास. त्यातूनच पुढे युरोपियन युनियन झालं, म्हणून आज आपण इथे युरोत पगार घेतोय. वर्षाच्या अगदी शेवटी आफ्रिकेतला कोणता देश स्वतंत्र झाला?"

"घाना?" उल्हास.

"लिबिया. दादा, दोरीकडे बघा जरा, तिसरं चित्र. आणि भारतात त्या वर्षी काय सुरू झालं, जे संपायला पुढचं साल उजाडलं?"

"पहिली निवडणूक," आई स्वतःच म्हणाल्या, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. क्षितिजानं जाऊन त्यांच्या गालाला गाल लावला. इतक्या महिन्यांनी कोणीतरी घराबाहेरचं माणूस आईंच्या इतक्या जवळ जात होतं. आईंनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि जरा वेळ सोडलाच नाही.

वीणानं पेल्यात पेला घातला. माझा चेहरा असा कधी धरलाय? कधी धरायचा? मी रोजच समोर असते. रोज समोर असणाऱ्याचा चेहरा कोण धरतं?

"आता शेवटचा," क्षितिजा म्हणाली, "हा फक्त आईंचा. तुमचा जन्म जून १९५१. त्याच महिन्यात अमेरिकेत एक मोठी गोष्ट झाली. ह्या अख्ख्या कुटुंबाचं पोट आज त्याच्यावर चालतं. ओळखा." तिनं दोरीवरचं झाकलेलं चित्र उघडलं. एक खोलीभर यंत्र, समोर टाय लावलेली माणसं. "जनगणनेसाठी त्यांनी पहिला मोठा कॉम्प्युटर घेतला. आई, तुम्ही आणि कॉम्प्युटर एकाच महिन्यात. आणि बघा, एक मुलगा चिप्सच्या कारखान्यात, दुसरा सॉफ्टवेअरमध्ये. तुमच्या कुंडलीतच होतं ते."

सलीलनं शिट्टी वाजवली. "क्षितिजा, मानलं तुला."

"अगंबाई," आई म्हणाल्या. "खरंच की." आणि त्यांनी मान डोलावली.

एवढं सगळं वीणानं गिळलं होतं. दोरी, दिवे, घंटा, गाल. पण ती डोलावलेली मान तिच्या घशाखाली उतरेना. खोट्या सालातली खोटी बातमी आई अशा कौतुकानं पदरात घेत होत्या, आणि खरी बातमी ज्या एका माणसाला ठाऊक होती ते माणूस खरकटे पेले धरून उभं होतं.

"कॉम्प्युटर नाही," वीणा म्हणाली. "एव्हरेस्ट."

सगळे तिच्याकडे वळले.

"ताई, एव्हरेस्ट त्रेपन्नला," क्षितिजा हसत म्हणाली.

"हो ना. त्रेपन्नलाच. आईंचा जन्म त्रेपन्नचा आहे. शाळेत घालताना दोन वर्षं वाढवून लावली होती. एक्कावन्न नुसतं कागदावर आहे." आवाज तिचाच होता, पण ती त्याला थांबवू शकत नव्हती, आणि खरं सांगायचं तर थांबवायचं नव्हतंच. "ह्या अडुसष्टच्या आहेत. म्हणून शांत नको म्हणत होत्या. त्यांचे वडील त्यांना शेर्पा म्हणायचे. मला जानेवारीपासून माहितीये."

पलीकडच्या बागेत कोणीतरी गवत कापत होतं.

"आई?" उल्हास म्हणाला. "हे खरं आहे?"

आईंचा चेहरा उतरला होता. "हळू बोल," त्या म्हणाल्या. "शेजारी ऐकतील. पासपोर्टाचं काही निघालं तर..."

"शेजाऱ्यांना मराठी येत नाही, आई."

"तरी हळू बोल."

वीणानं क्षितिजाकडे बघितलं. ह्याच क्षणासाठी तर सगळं केलं होतं, मग बघायला नको? क्षितिजा दोरीपाशी उभी होती, हातात तो कॉम्प्युटरचा कागद. डोळे भरले होते. "जानेवारीपासून?" ती म्हणाली. "ताई, मी तुम्हाला एप्रिलमध्ये विचारलं होतं, एक्कावन्न सालावर करू का म्हणून. तुम्ही छान आहे म्हणालात."

सलीलनं मान खाली घातली, आणि शिवांगी आपल्या आईकडे अशी बघू लागली की वीणाला पेले खाली ठेवावे लागले.

क्षितिजाच्या जागी वीणा असती तर गाडीत जाऊन बसली असती, दार आपटून. क्षितिजानं नाक पुसलं. मग दिव्यांच्या ट्रेपाशी गेली, वाकून त्यातल्या दोन मेणबत्त्या उचलल्या आणि खोक्यात परत टाकल्या.

"अडुसष्ट," ती म्हणाली. आवाज अजून ओला होता. "बरं झालं पेटवायच्या आधी कळलं. आई, जाऊ दे एक्कावन्न. मला एव्हरेस्टचं सांगा."

"काय सांगायचं त्यात," आई पुटपुटल्या.

"सांगा ना. शेर्पा काय? कोण म्हणायचं?"

आईंनी एकदा वीणाकडे बघितलं, मग क्षितिजाच्या रडक्या तोंडाकडे. आणि सांगायला लागल्या. आधी तुटक, मग रंगत. नगरपालिकेचा रेडिओ, गर्दी, बाबा. क्षितिजा त्यांच्या पायाशी गवतात बसली. सलीलनं फोन काढून रेकॉर्डिंग सुरू केलं. वीणा ऐकत होती आणि तिच्या लक्षात आलं, की ही गोष्ट तिला सांगितली होती त्यापेक्षा मोठी आहे. तो सुईणीचा भाग. सुईण उशिरा पोचली तरी हटून बसली होती, माझा शिधा द्या, मी निघाले होते घरून. बाबांनी तिला गूळ-खोबरं दिलं आणि वर एव्हरेस्टची बातमी दिली, तेव्हा ती म्हणाली होती, चढले असतील, पण उतरले का ते विचारा. सगळे पोट धरून हसले. हे तिला सांगितलं नव्हतं. जानेवारीत तिनं विचारलंच नव्हतं पुढे. तिला वाटलं होतं सगळं मिळालं.

"शेर्पा आजी," आठ वर्षांची तन्वी ओरडली, आणि शिवांगीनंही री ओढली. शेर्पा आजी, शेर्पा आजी. वडिलांच्या मागं जे नाव कोणी घेतलं नव्हतं ते आता बागभर उड्या मारत होतं, आयरिश उच्चारात. आई हसत होत्या. डोळे पुसत होत्या आणि हसत होत्या.

अडुसष्ट दिव्यांनी क्षितिजानं ओवाळलं. मग म्हणाली, "ताई, तुम्ही या ना." वीणानंही ओवाळलं. आईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, रीतीप्रमाणे.

चहा झाल्यावर आई घरात आल्या आणि खोलीत जाऊन वीणाला हाक मारली. वीणा गेली तेव्हा त्यांनी पलंगावर बॅग उघडून ठेवली होती.

"माझ्या गोळ्या कुठं ठेवल्यास? आणि ती निळी शाल?"

"कुठे निघालात?"

"किलकेनीला. संध्याकाळी त्यांच्याबरोबरच जाते."

वीणा दारातच उभी राहिली. "रागावलात माझ्यावर?"

"रागावले असते तर सांगितलं असतं." आई पलंगाच्या कडेला बसल्या. गुडघा दुखला की त्या बसताना कण्हायच्या, तशा कण्हल्या. "काल सलीलचा फोन आला होता. येतेस का म्हणाला. मी नाही म्हटलं. म्हटलं, दोन दिवस येऊन जाईन, पण राहायचं मला इथंच, वीणापाशी. जायच्या दिवसापर्यंत."

वीणा दारातून आत आली. "मला कोणी सांगितलं नाही."

"सलीलनं उल्हासला सांगितलं. मग दोघांनी ठरवलं, आजचा दिवस होऊ दे, उगाच कोणाचं मन नको मोडायला. बापावर गेलेत दोघे."

"मग नका ना जाऊ, आई." तिचा आवाज लहान मुलीसारखा निघाला आणि तिला त्याची लाजही वाटली नाही. "नाही म्हटलंय ना तुम्ही. तसंच राहू दे."

"आता कसं राहू दे? त्या पोरीनं किती खपून केलं ते. तू सगळ्यांसमोर तिला तोंडावर पाडलंस. आता मी तिच्या घरी पण गेले नाही, तर तिनं काय समजायचं? तिच्या बाजूचं कोणीतरी व्हायला नको?" त्या शाल घडी घालू लागल्या. "तू मला आधी एकदा म्हणाली असतीस, आई, जाऊ नका. मी गेले असते होय?"

वीणानं गोळ्यांचा डबा आणला, ब्लडप्रेशरचं यंत्र आणलं, गुडघ्याच्या पट्ट्या आणल्या. कुठली गोळी कधी ते क्षितिजाला नीट समजावून सांगितलं. क्षितिजा सगळं ऐकून घेत होती. शेवटी तिनं वीणाला मिठी मारली. "मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू," ती म्हणाली. "पण ताई, तुम्ही बोलला नसता तर ही गोष्ट आम्हाला कधीच कळली नसती. त्याच्याबद्दल थँक्यू." तिनं हे मनापासून म्हटलं, आणि वीणाला वाटलं, हिनं मला दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गाडी निघायच्या वेळी उल्हास फाटकापाशी उभा होता. "मी सांगणार होतो तुला रात्री," तो म्हणाला. वीणानं त्याच्याकडे बघितलं सुद्धा नाही. ती गाडीच्या पुढच्या दारापाशी गेली. आईंनी काच खाली केली.

"सांभाळून राहा," वीणा म्हणाली. "काही लागलं तर फोन करा. मी रोज करीन."

"कर की." आईंनी तिचा हात धरला, गाडीच्या दारावरचा. "मनाला लावून घेऊ नकोस. चुकतं माणूस. पण वीणा, आता तुला काही सांगायचं म्हटलं की मला आधी विचार करावा लागेल."

त्यांनी हात सोडला. सलीलनं गाडी सुरू केली, मागच्या काचेतून तन्वी हात हलवत होती, आणि वीणानंही हात हलवला.